एक डिस्क गेली तेव्हा



दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. रात्री साडेअकरा वाजता आमच्या घरातून 'पीप पीप' असा आवाज यायला लागला. आधी वाटलं, फ्रिजचं दार उघडं राहिलं. मग वाटलं, इन्व्हर्टर कुरकुरतोय. हे उठले, सगळं घर फिरले आणि शेवटी पुस्तकांच्या कपाटापाशी थांबले. खालच्या फळीवर आमचा काळा डबा आहे. त्याच्या चार दिव्यांपैकी तीन हिरव्या होत्या आणि एक नारिंगी.

आज तुमच्याशी याच डब्याबद्दल बोलायचं आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. ज्यांच्या घरात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये फोटो आहेत, त्या सगळ्यांचा हा विषय आहे. असा डबा तुमच्या घरी नसला तरी शेवटपर्यंत वाचा.

डब्यात काय होतं

आम्ही आनेकलला राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. मुलाची नोकरी इलेक्ट्रॉनिक्स सिटीत लागली, म्हणून आम्ही सांगलीहून इकडे आलो. इलेक्ट्रॉनिक्स सिटी आनेकल तालुक्यातच येते. १९७०च्या दशकात कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' या महामंडळाने ती उभारायला घेतली. आज तिथल्या सर्व्हरच्या खोल्यांमध्ये डिस्क बिघडणं ही रोजची गोष्ट असणार. आमच्या घरात मात्र ती पहिल्यांदाच घडत होती.

मुलगा परदेशी जाताना हा डबा आमच्याकडे लावून गेला. याला 'नॅस' म्हणतात, म्हणजे घरच्या वाय-फायला जोडलेलं फोटो-कागदपत्रांचं कपाट. आत चार हार्ड डिस्क, प्रत्येक ४ टीबीची. त्यात मुलांच्या बारशापासूनचे फोटो, घराची कागदपत्रं, ह्यांच्या निवृत्तीची फाईल आणि सासूबाईंच्या ओव्या.

ओव्यांबद्दल थोडं सांगते. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या. १९९०च्या दशकात ह्यांनी त्या कॅसेटवर भरून घेतल्या. मागे सकाळच्या कोंबड्याचा आवाज, मधेच सासूबाईंचं खोकणं, कुणीतरी चहा विचारतंय, असं सगळं त्यात आहे. त्या गेल्यानंतर आम्ही त्या एक्केचाळीस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या. मूळ कॅसेटना बुरशी आली होती, म्हणून बंगळुरूला येताना टाकून दिल्या. आता आवाज होता तो फक्त या डब्यात.

म्हणून त्या रात्री नारिंगी दिवा बघून माझ्या पोटात गोळा आला.

'रेड' म्हणजे काय

या चार डिस्कच्या मांडणीला 'रेड' म्हणतात. (इन्कम टॅक्सची नव्हे!) तिचा जन्म समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. कपाटाएवढं यंत्र, आत २४ इंची पन्नास तबकड्या, आणि मावत किती, तर साधारण पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाईलमधला एखादा मोठा फोटोही त्यात जेमतेम बसेल. पुढे डिस्क लहान आणि स्वस्त होत गेल्या, पण मोठ्या कामांसाठी महागड्या भल्यामोठ्या डिस्कच वापरल्या जात. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एका महाग डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा. मात्र डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यांच्यात थोडी जास्तीची माहिती अशी ठेवा की एक गेली तरी उरलेल्यांवरून ती परत लिहिता यावी.

ही जास्तीची माहिती कशी असते? वही-पेन्सिल घ्या. तीन डिस्कवर तीन आकडे आहेत असं समजा: ७, ४ आणि ९. चौथ्या डिस्कवर आपण त्यांची बेरीज लिहून ठेवू: २०. आता दुसरी डिस्क मेली, म्हणजे ४ हा आकडा गेला. हरकत नाही. २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत मिळतो. कोणतीही एक डिस्क जाऊ दे, उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो.

कॉम्प्युटर बेरजेऐवजी सम-विषम बघतो, कारण त्याच्याकडे फक्त ० आणि १ असतात. तीन डिस्कवर १, ० आणि १ असेल तर एकाचे आकडे दोन, म्हणजे सम. मग चौथीवर ०. एकाचे आकडे विषम असते तर चौथीवर १ लिहिला असता, म्हणजे चौघींचं मिळून गणित नेहमी सम राहतं. एखादी जागा रिकामी झाली की तिथे काय होतं ते लगेच कळतं. प्रत्यक्षात हा हिशेब एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर आळीपाळीने वाटलेला असतो. या प्रकाराला 'रेड ५' म्हणतात. म्हणूनच आमच्या १६ टीबीपैकी वापरायला १२ टीबी मिळत होते. एका डिस्कएवढी जागा या हिशेबाला जाते.

पण आता दोन आकडे पुसा. ७ गेला आणि ४ पण गेला. २० मधून ९ वजा केले की ११ उरतात. ११ म्हणजे ७ आणि ४? की ६ आणि ५? की १० आणि १? काही सांगता येत नाही. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतो, दोन नाही.

एवढं कळलं की नारिंगी दिव्याचा अर्थ कळतो. डबा चालू असतो, फोटो दिसतात, सगळं ठीक वाटतं. पण आता तो एका पायावर उभा असतो.

पहिल्या रात्री काय करायचं नाही

ह्यांनी लगेच डबा बंद करायला हात पुढे केला. मी थांबवलं आणि शेजारच्या मुलाला फोन केला. तो एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, त्यामुळे जागाच होता. त्याचं पहिलं वाक्य, "आंटी, स्वल्प तडीरी!" म्हणजे जरा थांबा.

त्याने फोनवर जे सांगितलं, ते तुमच्यासाठी मराठीत देते:

१. घाईने डबा बंद-चालू करू नका. जुनी डिस्क थांबून पुन्हा फिरताना रुसू शकते.

२. कोणतीही डिस्क लगेच उपसू नका. माणसं घाबरून चुकीची डिस्क ओढतात, आणि मग एका डिस्कचा बिघाड दोन डिस्कचा होतो. डब्याच्या सेटिंगमध्ये बिघडलेल्या डिस्कचा सिरियल नंबर दिसतो. तो कागदावर लिहा. डिस्क बाहेर काढल्यावर तिच्या लेबलवरच्या नंबराशी ताडून बघा.

३. स्क्रीनवर 'इनिशियलाइज', 'फॉरमॅट' किंवा 'नवीन व्हॉल्यूम बनवा' असं काही आलं तर त्याला हात लावू नका. आपल्याला हवं असतं ते 'रिपेअर' किंवा 'रिबिल्ड'.

४. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवी डिस्क बसवण्याआधी, जे परत मिळणार नाही त्याची प्रत दुसरीकडे काढा.

चौथा मुद्दा मला पटेना. नवी डिस्क बसवली की सगळं दुरुस्त होणार आहे ना? मग आधी प्रत कशाला?

त्याने समजावलं. नवी डिस्क बसवल्यावर डबा उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. रोजच्या वापरात आपण त्यातला थोडाच भाग वाचतो. वर्षानुवर्षं न उघडलेले फोटो जिथे आहेत, तिथे एखादी जागा खराब झाली असेल तर ती आत्ता, नेमकी या वेळी सापडते. शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या. एकीचं वय झालं म्हणजे उरलेल्या तिघींचंही झालं. आणि रिबिल्ड हे डिस्कसाठी तासन्‌तास धावण्यासारखं काम असतं.

"आंटी, आजारी माणसाला आधी पाणी द्या, मग पळवा," तो म्हणाला.

एक फाईल

शनिवारी सकाळी आम्ही बाहेरची एक पोर्टेबल डिस्क डब्याला जोडली. सिनेमे, सॉफ्टवेअर वगैरे सोडून दिलं. फक्त फोटो, कागदपत्रं आणि ओव्या. कॉपी दुपारपर्यंत चालली. हे दर दहा मिनिटांनी उठून बघत होते.

ओव्यांच्या फोल्डरमध्ये चाळीस फाईली नीट उतरल्या. एक्केचाळिसावी अडली. 'वाचता येत नाही.' पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला आणि त्याने डिस्कचा अहवाल उघडला. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. तिसऱ्या खणातली डिस्क मेली होती, हे माहीत होतंच. पण पहिल्या खणातल्या डिस्कवर, जिचा दिवा हिरवा होता, काही जागा वाचता येत नव्हत्या. बेरजेचं उदाहरण आठवा. एक आकडा मेलेल्या डिस्कबरोबर गेला आणि नेमका त्याच ओळीतला दुसरा आकडा खराब जागेत अडकला. म्हणून ती फाईल अडली. दिवा हिरवा असणं म्हणजे डिस्क निरोगी असणं नव्हे, हे मी त्या संध्याकाळी शिकले.

आम्ही आधी प्रत न काढता थेट रिबिल्ड सुरू केलं असतं तर? काही डबे अशा जागी येऊन थांबतात आणि पुढे सरकत नाहीत. काही त्या डिस्कलाही बाद ठरवतात आणि मग सगळंच जातं. आमचा डबा काय करणार होता कुणास ठाऊक. ते अजमावून बघायची वेळ आली नाही, कारण बाकी सगळं पोर्टेबल डिस्कवर उतरलं होतं.

एस. पी. रोडची वारी

रविवारी आम्ही दोघं डिस्क आणायला निघालो. आता आमच्याकडून बोम्मसंद्रला गेलं की मेट्रोची यलो लाइन मिळते, ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली. आर. व्ही. रोडला गाडी बदलायची आणि चिक्कपेटेला उतरायचं. एस. पी. रोड तिथून जवळ. कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा असेल तर अख्खं बंगळुरू तिथे जातं. ज्यांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

शेजाऱ्याने चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी तुमच्याही कामाची आहे:

नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी हवी, लहान चालत नाही. दोन डिस्क घ्यायच्या तर वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या, म्हणजे त्या एकाच वेळी म्हाताऱ्या होणार नाहीत. डिस्क नॅससाठी बनवलेली हवी आणि 'सीएमआर' पद्धतीची हवी. 'एसएमआर' नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात माहिती कौलांसारखी एकावर एक चढवून लिहितात. जागा जास्त मिळते, पण एकसारखं भराभर लिहायची वेळ आली की ती दमते. २०२० साली नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क या पद्धतीच्या निघाल्या आणि लोकांची रिबिल्ड रखडली, तेव्हा जगभर गवगवा झाला होता. बिल घ्या, सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे विचारा.

आम्ही दोन डिस्क घेतल्या. एक मेलेलीच्या जागी, दुसरी आजारीच्या जागी.

रिबिल्ड

आमचं प्रकरण साधं राहिलं नव्हतं. म्हणून शेजाऱ्याने आधी डबा रीतसर बंद केला, पहिल्या खणातली आजारी डिस्क काढली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर केली. त्यासाठी असं सॉफ्टवेअर असतं जे खराब जागेपाशी अडून बसत नाही. तेवढी जागा रिकामी सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन तिथे पुन्हा प्रयत्न करतं. हे काम रात्रभर चाललं. वाचकहो, हा भाग घरी करून बघायचा नाही. इथे 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

तुमची एकच डिस्क गेली असेल आणि बाकीच्या खरोखर ठणठणीत असतील, तर हे करावं लागत नाही. मेलेली काढायची, नवी सरकवायची, 'रिपेअर' म्हणायचं.

सोमवारी संध्याकाळी नक्कल पहिल्या खणात बसवली, तिसऱ्या खणात कोरी डिस्क सरकवली आणि रिबिल्ड सुरू झालं. स्क्रीनवर ०.१ टक्का. किती वेळ लागतो याचा हिशेब तुम्हीही करू शकता. ४ टीबी म्हणजे ४० लाख एमबी. डिस्क सेकंदाला १५० एमबी लिहिते असं धरलं तर सव्वीस हजारांहून जास्त सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात तास. तेही दुसरं काहीच काम नसेल तर. आम्हाला अकरा तास लागले. मोठ्या डिस्क असतील तर दिवस-दोन दिवसही लागतात. तेवढा वेळ डब्यावर सिनेमे बघायचे नाहीत, आणि यूपीएस हवाच. आमच्याकडे रात्री एकदा दिवे गेले. पंखा थांबला, डबा चालू राहिला. त्या चार मिनिटांत यूपीएसचे सगळे पैसे वसूल झाले.

मंगळवारी पहाटे पाचला उठले. चारही दिवे हिरवे होते. मी आधी देवापुढे दिवा लावला आणि मग चहा ठेवला.

मग ती एक्केचाळिसावी फाईल उघडली. आता ती उघडत होती. सासूबाईंचा आवाज आला, जात्याची घरघर आली, आणि मधेच 'खट्' होऊन शांतता. परत आवाज, परत शांतता. चार-पाच ठिकाणी मिळून काही सेकंद गेले होते. रिबिल्डने जे वाचता आलं ते सगळं परत दिलं होतं. जे दोन ठिकाणांहून गेलं, ते कुठून देणार?

हे काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी सांगलीला वन्संना फोन केला, सहज, दिवाळीला येताय का विचारायला. बोलता बोलता हा विषय निघाला. वन्सं म्हणाल्या, "अरे, ती सोनसाखळीची ओवी ज्यात आहे तीच ना? ती तू मला पाठवली होतीस की. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये आहे, मी सकाळी स्वयंपाक करताना लावते."

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फाईल आली. अख्खी.

आमच्या चार चुका

आता हिशेब मांडते, म्हणजे तुम्हाला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

पहिली चूक: चारही डिस्क एका खोक्यातल्या. मोठमोठ्या कंपन्यांकडे हजारो डिस्क असतात, त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून वर्षाला शंभरात साधारण एक-दीड डिस्क जाते. ऐकायला कमी वाटतं. पण घरात चार डिस्क असतील तर त्यातली एखादी वर्षभरात जाण्याची शक्यता शंभरात चार ते सहा होते. आणि डिस्क जुन्या झाल्या की आणखी वाढते.

दुसरी चूक: 'स्क्रबिंग' बंद ठेवलं होतं. स्क्रबिंग म्हणजे महिन्यातून एकदा डबा स्वतःहून सगळ्या डिस्क वाचून हिशेब ताडतो. खराब जागा सापडली तर बाकीच्या डिस्कवरून ती दुरुस्त करतो. चारही डिस्क जिवंत असताना हे सहज जमतं. रात्री आवाज येतो म्हणून मीच ते बंद करायला लावलं होतं. ते चालू असतं तर पहिल्या डिस्कवरची खराब जागा कधीच सापडली असती आणि भरूनही निघाली असती.

तिसरी चूक: डब्याचे इशारे मुलाच्या कॉलेजच्या जुन्या ईमेलवर जात होते, जो आता कुणी उघडत नाही. तिथे दोन आठवडे सूचना पडून होत्या.

चौथी आणि सगळ्यात मोठी चूक: रेडला आम्ही बॅकअप समजत होतो. रेड फक्त एका गोष्टीपासून वाचवतो, ती म्हणजे डिस्क मरणं. नातवाने चुकून फोल्डर पुसला तर तो चारही डिस्कवरून एकाच वेळी पुसला जातो. वीज कोसळली, चोरी झाली, पाणी शिरलं, व्हायरसने फाईलींना कुलूप लावलं, तर चार डिस्क असल्या काय नि चाळीस असल्या काय.

ज्यांचा हा धंदा आहे, त्यांनाही हे भोगावं लागलंय. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याने रात्री उशिरा थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या बऱ्याच व्यवस्था होत्या, पण ऐन वेळी त्या चालत नाहीत असं लक्षात आलं. वाचवलं ते सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळं जगासमोर मोकळेपणाने सांगितलं. आमच्या वन्संचा जुना मोबाईल आणि ती प्रत, मला तरी सारखीच वाटते.

पुण्यातली एक गोष्ट

अनेक प्रतींवरून मूळ उभं करायचं, हे काम आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी झालं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा अभ्यास झाला. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, पण काम थांबलं नाही, बेलवलकर आणि वैद्य यांनी ते पुढे नेलं आणि १९६६ साली ते पुरं झालं. एका पोथीला वाळवी लागली होती, दुसरीत लेखनिकाने ओळ गाळली होती, तिसरीत कुणी पदरचं घातलं होतं. पण सगळ्या पोथ्यांत एकाच जागी एकच चूक नव्हती, कारण त्या वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या होत्या. म्हणून हे जमलं. त्या सगळ्या एकाच कपाटात असत्या आणि ते कपाट जळालं असतं, तर?

ओव्यांचंही तसंच. गी पॉईतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या एकेक करून सगळ्यांसाठी मांडल्या जात आहेत. कुणीही ऐकाव्यात, उतरवून घ्याव्यात. जी गोष्ट अनेक घरी असते, ती सहसा मरत नाही. आम्ही मात्र सासूबाईंच्या ओव्या जपायच्या म्हणून एका डब्यात कोंडून ठेवल्या होत्या.

या रविवारी एवढं करा

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम आहे: तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा. घराबाहेर म्हणजे क्लाउडवर, किंवा गावी बहिणीकडे, किंवा मुलीच्या घरी.

डबा नसलेल्या वाचकांनी हे करावं. मोबाईलमधले सगळे फोटो नकोत, त्यातले 'हे गेले तर मी रडेन' असे वेगळे काढा. ते एका पेन ड्राइव्हवर किंवा पोर्टेबल डिस्कवर घ्या, एक प्रत क्लाउडवर टाका आणि एक माहेरी पाठवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, त्या प्रती उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत आहे असं धरू नका.

डबा असलेल्यांनी हे करावं. इशाऱ्यांचा ईमेल आजच तपासा. स्क्रबिंग चालू करा, आवाज येऊ दे. प्रत्येक खणातल्या डिस्कचा सिरियल नंबर आणि खरेदीची तारीख एका कागदावर लिहून डब्याला चिकटवा. डिस्क चार-पाच वर्षांच्या झाल्या असतील तर एक जास्तीची घरात आणून ठेवा. नवीन मांडणी करत असाल आणि खण पुरेसे असतील तर 'रेड ६'चा विचार करा. त्यात दोन प्रकारचे हिशेब असतात, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

आमच्या ओव्यांच्या आता चार प्रती आहेत. एक डब्यात, एक पोर्टेबल डिस्कवर बँकेच्या लॉकरमध्ये, एक मुलाकडे परदेशात. चौथी सांगलीला वन्संकडे. त्यांना आम्ही दिवाळीत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाईली भरून पेन ड्राइव्ह दिला. त्या म्हणाल्या, "पेन ड्राइव्ह कुठे लावू? मोबाईलमध्येच घालून द्या, स्वयंपाक करताना ऐकायला बऱ्या पडतात."

घालून दिल्या.

पुढच्या वेळी जुन्या कॅसेट आणि व्हीसीआरच्या टेप घरच्या घरी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या ते बघू. तोपर्यंत मूळ कॅसेट टाकू नका बरं का!